खासदाराचे घड्याळ आणि चार पेनीची खाट

डब्याच्या सुट्टीत आमच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येते. वर्तमानपत्रात खुनाची किंवा दरोड्याची बातमी आली, की कोणीतरी ज्येष्ठ सहकारी चष्मा काढून म्हणतात, "इंग्रजांच्या काळात बरे होते. पोलिसांचा धाक होता." आजूबाजूचे चार जण माना डोलावतात आणि डबे बंद होतात. धाक होता, हे खरेच. पण तो कोणाला होता आणि कोणाच्या सोयीसाठी होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

वाचकहो, इंग्रजांनी आपल्या देशात काय केले ते घटकाभर बाजूला ठेवू. त्यांच्या स्वतःच्या घरात, म्हणजे लंडन शहरात, राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) पोलीस आणि गुन्हेगारी यांचे काय नाते होते, ते पाहू. तिथेही गरीब होते, बेकार होते, रात्री निवाऱ्यावाचून रस्त्यावर फिरणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या वाट्याला हा धाक कसा आला, ते पाहण्यासारखे आहे.

निळा कोट आणि लाकडी दंडुका

लंडनचे पोलीस दल १८२९ साली गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी कायदा करून उभे केले. त्याला विरोध झाला तो चोरांचा नव्हे, सामान्य माणसांचा. फ्रान्समध्ये सरकारचे पोलीस लोकांवर हेरगिरी करतात हे इंग्रज ऐकून होते. आपल्याकडेही तसेच होणार, ही भीती होती. म्हणून पीलसाहेबांनी शिपायांना लष्कराच्या लाल कोटाऐवजी निळा कोट दिला आणि हातात बंदुकीऐवजी लाकडी दंडुका दिला. पगार आठवड्याला २१ शिलिंग. भरती झाली ती बहुतेक मजुरांच्या पोरांचीच.

लोकांची भीती अगदीच खोटी नव्हती. १८३३ साली, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या चार वर्षे आधी, पोपे नावाच्या एका पोलीस सार्जंटने गरीब चित्रकाराचे सोंग घेतले आणि तो कामगारांच्या एका राजकीय संघटनेत सभासद म्हणून शिरला. हे उघडकीस आले, पार्लमेंटची समिती बसली आणि पोपेला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्ड बाथ फील्ड्स या मैदानावर त्याच संघटनेची सभा पोलिसांनी लाठ्या चालवून मोडली. त्या झटापटीत कली नावाचा एक कॉन्स्टेबल भोसकला जाऊन मेला. मृत्यूच्या चौकशीसाठी जे पंच बसले, ते साधे दुकानदार होते. त्यांनी निकाल दिला की हा वध समर्थनीय आहे, कारण जमावाला पांगण्याची रीतसर सूचना न देताच पोलीस निर्दयपणे तुटून पडले होते. वरच्या कोर्टाने तो निकाल पुढे रद्द केला. कली बिचारा स्वतः गरीबच होता. पण नव्या पोलिसांबद्दल लोकांच्या मनात काय होते, ते त्या पंचांनी सांगून टाकले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. इंग्लंडच्या इतर मोठ्या शहरांत पोलिसांवर नगरपालिकेच्या समितीची देखरेख असे. लंडनचे पोलीस मात्र थेट गृहमंत्र्याच्या ताब्यात. कर लंडनकरांनी भरायचा आणि जाब विचारायचा अधिकार त्यांच्या निवडून दिलेल्या माणसांना नाही. फक्त शहराच्या मधोमध असलेल्या श्रीमंत व्यापारी भागाला, म्हणजे 'सिटी'ला, स्वतःचे वेगळे पोलीस होते.

पाल मालवरची एक रात्र

१७ जुलै १८६२. पिल्किंग्टन नावाचे एक खासदार रात्री पार्लमेंटमधून पायी निघाले होते. पाल माल हा लंडनचा अत्यंत प्रतिष्ठित रस्ता. दोन्ही बाजूंना बड्या लोकांचे क्लब. तिथे चोरट्यांनी त्यांना गाठले, मारहाण करून गळा आवळला आणि घड्याळ घेऊन पळ काढला. खासदार वाचले.

मागून गळा आवळून लुटण्याच्या या प्रकाराला तिथे 'गॅरोटिंग' म्हणत. गरीब वस्त्यांत मारहाण आणि लूट रोजचीच होती. पण आता खासदाराचा गळा आवळला गेला होता. वर्तमानपत्रे पेटली. प्रत्येक गल्लीत गळा आवळणारे दबा धरून बसले आहेत, असे चित्र उभे राहिले. गळ्याभोवती घालायच्या खिळेदार पट्ट्यांवर व्यंगचित्रे निघाली. पोलिसांना हुकूम सुटले आणि त्यांनी धरपकड वाढवली. ज्या भांडणाची किंवा धक्काबुक्कीची पूर्वी कोणी दखल घेतली नसती, तीही गॅरोटिंग म्हणून नोंदली जाऊ लागली. आकडे वाढले, म्हणून बातम्या वाढल्या. बातम्या वाढल्या, म्हणून धरपकड आणखी वाढली. जेनिफर डेव्हिस या इतिहासकार बाईंनी या सगळ्याचा अभ्यास केला. गुन्हे वाढण्यापेक्षा गुन्ह्यांकडे पाहण्याची नजर बदलली होती, असे त्यांनी दाखवून दिले.

लाट वर्षअखेरीस ओसरली. तरीही १८६३ साली पार्लमेंटने कायदा केलाच. जबरी लूट करणाऱ्याला तुरुंगवासाखेरीज चाबकाचे फटके, एका वेळी ५० पर्यंत, आणि तेही तीन वेळांपर्यंत. खुद्द गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांनी या विधेयकाला विरोध केला होता. तरी ते मंजूर झाले. पुढे कित्येक वर्षे लोक सांगत राहिले की फटक्यांमुळेच गळा आवळणारे नाहीसे झाले. १९३८ साली सरकारनेच नेमलेल्या कॅडोगन समितीने कागद तपासले, तेव्हा कळले की कायदा येण्याआधीच तो प्रकार कमी झाला होता, आणि फटक्यांचा वेगळा असा काही धाक बसल्याचा पुरावा नाही. ही शिक्षा रद्द व्हायला मात्र १९४८ साल उजाडले. एका खासदाराच्या घड्याळापायी पंच्याऐंशी वर्षे चाबूक चालू राहिला!

शिक्का

त्या घबराटीत राग निघाला तो सुटून आलेल्या कैद्यांवर. पूर्वी इंग्लंड आपले कैदी ऑस्ट्रेलियाला पाठवून मोकळे होत असे. ते हळूहळू बंद पडले, तेव्हा मुदतीआधी चांगल्या वर्तणुकीवर कैदी सोडण्याची पद्धत आली. अशा माणसाच्या हातात एक परवाना असे. १८६४ च्या कायद्याने त्याने दरमहा पोलिसांपुढे हजेरी लावायची सक्ती झाली. हजेरीला पोलीस ठाण्यात जाणाऱ्या माणसाला काम कोण देणार? काम नाही म्हणजे पोट नाही, आणि पोट नाही म्हणजे पुन्हा चोरी. मग म्हणायचे, बघा, जात्याच गुन्हेगार! १८६९ आणि १८७१ साली आणखी कायदे झाले. गुन्हेगारांचे रजिस्टर सुरू झाले. दोनदा शिक्षा झालेल्या माणसावर सात वर्षे पोलिसांची नजर ठेवता येऊ लागली.

हे १८७१ साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विचार एकाच साच्यातला: काही माणसे जात्याच गुन्हेगार असतात, त्यांची नोंद ठेवा, हजेरी घ्या, हालचालीवर पहारा ठेवा. पण एक फरक होता आणि तो फार मोठा होता. लंडनमध्ये रजिस्टरवर नाव चढायला आधी कोर्टात गुन्हा शाबीत व्हावा लागे. इथे जन्म पुरे होता. कायदा मांडताना युक्तिवाद असा झाला, की या देशात जातीप्रमाणे धंदा चालतो. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडची जातिव्यवस्था उचलली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ नंतर सगळीकडे लावता येऊ लागला. आपल्याकडे कैकाडी, पारधी, भामटा अशा कित्येक समाजांनी त्याची झळ सोसली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट अनेकांच्या आजी-आजोबांनी पाहिलेली आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिली धाड कोणत्या पालावर पडते, हे सांगायला नको.

घराच्या आतला गुन्हा

व्हिक्टोरिया राणीच्या काळात बाईला मार बसण्याची जागा बहुतेक वेळा रस्ता नव्हती, घर होते. दारू पिऊन आलेला नवरा बायकोला बेदम मारी आणि शेजारी भिंतीला कान लावून गप्प बसत. १८५३ साली बायका-मुलांना गंभीर मारहाण करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास देण्याचा कायदा झाला. पण नवरा तुरुंगात गेला की घरात चूल पेटायची कशी? म्हणून बायका तक्रारच करीत नसत, आणि केली तर कोर्टात जबाब फिरवत. आणि सहा महिन्यांनी तोच नवरा त्याच खोलीत परत येई.

फटके मारण्याची हौस असलेल्या काही पुढाऱ्यांनी १८७० नंतर बायकोला मारणाऱ्यांनाही फटके द्यावेत अशी सूचना केली. चर्चा झाली, चौकशी झाली, कायदा झाला नाही. तेव्हा फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने १८७८ साली 'इंग्लंडमधील पत्नीछळ' या विषयावर सविस्तर लेख लिहिला आणि वेगळीच मागणी केली. तिचे म्हणणे, बाईला त्या घरातून बाहेर पडण्याचा मार्ग द्या. त्याच वर्षी कायदा झाला. पत्नीला गंभीर मारहाण केल्याबद्दल नवऱ्याला शिक्षा झाली आणि तिच्या जिवाला पुढेही धोका आहे असे दिसले, तर मॅजिस्ट्रेट तिला वेगळे राहण्याचा हुकूम आणि पोटगी देऊ शकत असे. मुलांचा ताबाही तिला मिळू शकत असे.

आमच्या माता-भगिनींनी हा फरक नीट पाहावा. चाबकाने संतापलेल्या पुढाऱ्यांचे समाधान झाले असते. पोटगीने बाईचा जीव वाचत होता. या कायद्याला पाल मालसारखे मोठे मथळे कधी मिळाले नाहीत.

चौकातला रविवार

८ फेब्रुवारी १८८६ रोजी बेकारांचा एक जमाव ट्राफल्गार चौकातील सभेनंतर पाल मालवरून गेला. क्लबांच्या खिडक्यांतून हेटाळणी झाली आणि दगड सुटले. काचा फुटल्या, दुकाने लुटली गेली. गंमत अशी, की राखीव पोलिसांना निरोप चुकीचा पोचला आणि ते 'पाल माल'ऐवजी 'माल' या रस्त्यावर, राणीच्या वाड्याकडे जाऊन उभे राहिले. पोलीस कमिशनरला जावे लागले. त्यांच्या जागी सर चार्ल्स वॉरेन हे लष्करी अधिकारी आले. काचा फुटल्यावर बेकारांच्या मदतनिधीत श्रीमंतांच्या देणग्या मात्र भराभर पडू लागल्या.

१८८७ च्या शरद ऋतूत कामधंदा नसलेली माणसे रात्री ट्राफल्गार चौकातच झोपत. वॉरेनसाहेबांनी चौकात सभांना बंदी घातली. १३ नोव्हेंबर, रविवारी, ती बंदी मोडून हजारो कामगार, आयरिश आणि समाजवादी चौकाकडे निघाले. सुमारे दोन हजार पोलीस आणि चारशे सैनिक सज्ज होते. मोर्चे चौकात पोचण्याआधीच गाठून फोडण्यात आले. डोकी फुटली, शेकडो लोक पकडले गेले. कामगार पुढारी जॉन बर्न्स आणि खासदार कनिंगहॅम ग्रॅहॅम यांना सहा आठवड्यांचा तुरुंगवास झाला. तो दिवस 'रक्तरंजित रविवार' म्हणून इतिहासात गेला.

पुढच्या रविवारी त्याच भागात आल्फ्रेड लिनेल हा तरुण पोलिसांच्या घोड्याखाली आला आणि काही दिवसांनी दवाखान्यात मेला. त्याचे काम काय, तर कायद्याच्या कागदांच्या नकला करणे. म्हणजे माझ्यासारखाच एक कारकून. डिसेंबरमध्ये निघालेल्या त्याच्या अंत्ययात्रेला लंडनची गरीब जनता लोटली. कवी विल्यम मॉरिस यांनी त्याच्यासाठी गीत लिहिले. त्याच १८८७ साली पोलीस शिपायांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क प्रथमच मिळाला होता. मजुरांच्या पोरांनी मजुरांच्या पाठीवर दंडुके चालवले ते मतदार झाल्याच्या वर्षीच! चौकात सभा भरवण्याचा हक्क लोकांना परत मिळाला तो १८९२ साली, सरकार बदलल्यावर.

चार पेनीची खाट

आता त्याच शहराच्या पूर्वेकडे जाऊ. व्हाईटचॅपल ही गोदी कामगार, शिवणकाम करणारे आणि रशियातील अत्याचारांतून पळून आलेले गरीब ज्यू यांची वस्ती. मुंबईत एकटा कामगार कॉट बेसिसवर राहतो, तशी तिथे रात्रीपुरती खाट भाड्याने मिळे. दर चार पेनी. पैसे नसतील तर मध्यरात्रीही बाहेर.

३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे मेरी ॲन निकोल्स रस्त्यावर मृत सापडली. खाटेचे पैसे नसल्याने तिला बाहेर काढले होते. ती पाच मुलांची आई. ८ सप्टेंबरला ॲनी चॅपमन. तिलाही खाटेच्या पैशांअभावी बाहेर पडावे लागले होते. ३० सप्टेंबरच्या एका रात्रीत एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज. ९ नोव्हेंबरला मेरी जेन केली, स्वतःच्या खोलीत. खोलीचे २९ शिलिंग भाडे थकले होते. खुनी सापडला नाही. वर्तमानपत्रांनी त्याला 'जॅक द रिपर' हे नाव प्रसिद्ध करून अमर केले आणि बायकांना सरसकट 'वेश्या' म्हणून मोकळे झाले. २०१९ साली हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी पुस्तक लिहून दाखवले, की पाचपैकी तिघींबाबत तसा पुरावाच नाही. त्या घर तुटलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या, निवाऱ्याला मोताद झालेल्या बाया होत्या.

वस्तीतील लोकांनी जॉर्ज लस्क यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती काढली आणि सरकारने बक्षीस लावावे अशी मागणी केली. गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज यांनी नकार दिला. बक्षिसाच्या लोभाने खोटे साक्षीदार उभे राहतात, म्हणून ही पद्धत सरकारने १८८४ पासून बंद केली होती. कारण चुकीचे नव्हते. पण वस्तीला दिसले ते एवढेच, की आमच्या बायकांच्या जिवाला किंमत नाही. एडोजचा खून 'सिटी'च्या हद्दीत झाला, आणि 'सिटी'ने ताबडतोब ५०० पौंड जाहीर केले. पोलिसांना जाब कोण विचारू शकतो, त्यावर काय काय ठरते ते इथे दिसले. त्या रात्री एडोज दारूच्या नशेत 'सिटी'च्याच पोलीस कोठडीत होती. रात्री एकच्या सुमारास तिला सोडून दिले आणि पाऊण तासात तिचे प्रेत सापडले.

पोलिसांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरोघर चौकशी झाली, ८०,००० पत्रके वाटली गेली, साध्या वेशातील शिपाई रात्ररात्र फिरले. पण चौकात सभा मोडण्यासाठी कवायत केलेल्या दलाला अंधाऱ्या गल्लीत एक खुनी सापडत नव्हता, आणि लोक हेच बोलून दाखवत होते. वॉरेन यांनी सरकारच्या परवानगीवाचून मासिकात लेख लिहून आपली बाजू मांडली. त्यावरून गृहखात्याशी खटका उडाला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. लेखक बर्नार्ड शॉ यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून बोचरा टोला मारला. समाजवाद्यांनी वर्षानुवर्षे सांगून जे जमले नाही, ते एका खुन्याने करून दाखवले. बड्या लोकांना पूर्व लंडनची गरिबी दिसू लागली, असा त्याचा आशय होता.

आणि संशय कोणावर गेला? परक्यावर. जॉन पायझर या ज्यू चांभाराला पकडले. त्या रात्री तो दुसरीकडे होता हे सिद्ध झाले, पण तोवर वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरवले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे एका भिंतीवर खडूने ज्यूंविषयी लिहिलेला मजकूर सापडला. दंगल पेटेल या भीतीने वॉरेन यांनी तो पुसायला लावला. पुरावा नष्ट केला म्हणून आजही त्यांना दोष दिला जातो. पण सूर्य उगवल्यावर तो मजकूर बाजाराला जाणाऱ्या लोकांनी वाचला असता, तर किती निरपराध घरे पेटली असती, याचाही विचार व्हायला हवा. ज्या अधिकाऱ्याने चौकात गरिबांची डोकी फोडायला लावली, त्यानेच गल्लीत गरीब ज्यूंचे जीव वाचवले असतील. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

आपण काय विचारायचे?

एका घड्याळासाठी पार्लमेंटने कायदा केला. पाच बायकांसाठी वस्तीला स्वतःची गस्त घालावी लागली. म्हणून 'कायदा आणि सुव्यवस्था' ही घोषणा कोणी दिली, की आपण तीन साधे प्रश्न विचारावेत. ही भीती कोणाची आहे? शिक्षा कोणाच्या पाठीवर पडणार आहे? आणि पोलिसांना जाब विचारायचा अधिकार कोणाला आहे? गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. चोर आणि गुंड सर्वांत जास्त त्रास गरीब वस्तीलाच देतात. पण त्या वस्तीला दंडुक्याबरोबर दिवाबत्ती हवी असते, अत्याचारी घरातून बाहेर पडायला दार हवे असते आणि रात्री डोके टेकायला जागा हवी असते.

पुढच्या डब्याच्या सुट्टीत ते ज्येष्ठ सहकारी पुन्हा धाकाचे कौतुक करतील. तेव्हा मी त्यांना मेरी ॲन निकोल्सची गोष्ट सांगणार आहे. त्या रात्री लंडनमध्ये हजारो पोलीस होते. तिला फक्त चार पेनी हव्या होत्या.